चर्चला जातो पण आपलं असं काही वाटत नाही? नाशिकच्या मंडळीत आपली जागा कशी शोधायची

दर रविवारी येणारे, दानार्पणाच्या पिशवीत पाकीट टाकणारे आणि आशीर्वाद झाला रे झाला की गाडीला किक मारून निघून जाणारे लोक आपल्या मंडळीत, म्हणजे चर्चच्या समाजात, भरपूर आहेत, आणि त्यातले बरेच जण कधीतरी हळूच म्हणतात की ताई, आम्ही येतो खरं पण इथं आमचं असं काही नाही, चार रविवार नाही आलो तरी कुणाला कळणार नाही. नाशिकमध्ये हे जरा जास्तच ऐकू येतं. कारण उघड आहे, कुणी नगरहून, कुणी जालन्याहून आलेलं, कुणी सातपूर-अंबडच्या कंपनीत, कुणी नर्सिंगला, कुणी देवळालीला बदली होऊन. मी पण राहुरीकडची, लग्न होऊन इकडे आलेली. पण गंमत अशी की शरणपुरातच जन्मलेले, ज्यांच्या पणजोबांचा बाप्तिस्मा इथल्या रजिस्टरमध्ये आहे, त्यांच्यातले पण काही जण हेच बोलतात. म्हणजे प्रश्न नुसता नव्या-जुन्याचा नाही.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकते, पटलं तर पुढे वाचा. "देवाने मला कशासाठी बोलावलंय" हा मोठा प्रश्न घेऊन सुरुवात करू नका. आधी माणसं ओळखीची करा, मग एक बारीकसं काम धरा, ते न चुकता करा, आणि मग तुमचा उद्देश काय ते तुमच्याआधी दुसऱ्यांनाच दिसायला लागतं आणि ते येऊन सांगतात. उलट्या क्रमाने गेलेले लोक मी बघितलेत, वर्षभर प्रार्थना चालू असते की प्रभू मार्ग दाखव आणि शेजारच्या बाकावरच्या आजीचं नाव माहीत नसतं.

एक चर्च धरा आणि तिथंच थांबा

नाशिकला पर्याय कमी नाहीत. शरणपूरला सेंट अँड्र्यूज आहे, सीएनआयचं (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, प्रोटेस्टंट). कॅथलिक असाल तर त्र्यंबक नाक्याचं होली क्रॉस, नाशिकरोडला सेंट अ‍ॅन्स, आणि तिकडेच बाळ येशूचं मंदिर. त्याशिवाय सिडको, पाथर्डी फाटा, कुठं कुठं हॉल भाड्याने घेऊन चालणाऱ्या फेलोशिप्स. आता काही जण काय करतात की सकाळी इथं प्रभुभोजन (भाकर-द्राक्षारसाचा विधी), अकरा वाजता तिकडे वर्शिप चांगलं आहे म्हणून तिकडे, संध्याकाळी तिसरीकडे कुणी बाहेरगावचे वक्ते आलेत म्हणून तिसरीकडे. ऐकायला खूप मिळतं, नाही असं नाही. पण तिन्ही ठिकाणी तुम्ही पाहुणेच राहता आणि पाहुण्याला कुणी काम सांगत नाही.

निवडताना एखाद-दोन महिने फिरून बघा हवं तर, पण मग एक ठरवा आणि अख्खं एक वर्ष द्या. वर्ष अशासाठी की चर्चचं कॅलेंडर पूर्ण फिरल्याशिवाय ती मंडळी कळतच नाही. उपासकाळात (ईस्टरआधीच्या उपवासाच्या दिवसांत) कोण मनापासून येतं, झावळ्यांच्या रविवारी मिरवणूक कोण सांभाळतं, उत्तम शुक्रवारच्या (गुड फ्रायडेच्या) तीन तासांच्या उपासनेत येशूच्या क्रुसावरच्या सात उद्गारांवर कोण कोण बोलतं, कापणीच्या सणाला भाजीपाला-धान्य आणून लिलाव कोण पुकारतं (हा एक बघण्यासारखाच प्रकार असतो, एक भोपळा किती वेळा विकला जाईल सांगता येत नाही), नाताळ, ३१ डिसेंबरची वॉचनाईट, म्हणजे रात्रीची उपासना. प्रत्येक वेळी वेगळी माणसं पुढे आलेली दिसतात. आणि कुठं माणसं कमी पडतात ते पण दिसतं, ते नीट लक्षात ठेवा, पुढे कामाला येतं.

अजून एक, बाहेरून आलेल्यांना उपासनाच वेगळी वाटते आणि त्यांना वाटतं आपण इथले नाही. माझं तसंच झालं होतं. आमच्याकडे नगर-राहुरीला अमेरिकन मराठी मिशनची परंपरा, म्हणजे उत्स्फूर्त लांब प्रार्थना, भजनं, साधा क्रम. नाशिकचं मूळ काम चर्च मिशनरी सोसायटीचं, म्हणजे अँग्लिकन, त्यामुळे इथं उपासनेचं पुस्तक, कधी उठायचं कधी गुडघे टेकायचे, पाळकांनी एक ओळ म्हणायची मग आपण. १९७० ला सीएनआय झालं तेव्हा सगळे कागदावर एक झाले पण सवयी काय एका दिवसात जातात का. तर पहिले काही महिने गोंधळ होणारच, शेजारी बघून उठा, शेजारी बघून बसा, कुणी हसत नाही.

ज्यांचा बाप्तिस्मा झालेला नाही, नुसतं जवळून बघायचंय, त्यांनी पण बिनधास्त येऊन बसावं. फक्त प्रभुभोजनाच्या वेळी जागेवरच थांबा, आणि कॅथलिक मिस्सा असेल तर पवित्र कम्युनियन कॅथलिकांसाठीच असतं हे लक्षात असू द्या. अपमान वगैरे काही नसतो त्यात, ज्या त्या ठिकाणची शिस्त असते.

कागदाचं काम लवकर उरका

हे कंटाळवाणं आहे पण करा. जुन्या चर्चमधून पाळकांच्या सहीचं पत्र आणा की हे आमच्याकडचे सभासद, बाप्तिस्मा झालाय, दृढीकरण (कन्फर्मेशन) झालंय. इथं द्या, रजिस्टरला नाव लावा, वर्गणी सुरू करा, पावती जपून ठेवा. कॅथलिक असाल तर पॅरिश ऑफिसात कुटुंबाची नोंद. लोकांना रजिस्टर आठवतं ते एकदम घरात लग्न निघाल्यावर नाहीतर मयत झाल्यावर, आणि मग त्या धावपळीत सेक्रेटरीला फोन. त्यात त्यांचा पण दोष नसतो आणि तुमचे पण हाल होतात.

उपासनेनंतरची पंधरा-वीस मिनिटं

खरी भरती इथं होते, हे कुठल्या सूचनेत सांगत नाहीत. उपासना संपली की थांबा. गीतांची पुस्तकं गोळा करणाऱ्या मावशी असतात, वेदीवरचं कापड घडी घालणाऱ्या कुणीतरी असतात, घंटा वाजवणारे काका असतात, माइकच्या वायरी गुंडाळणारा एखादा पोरगा असतो. ह्या लोकांना मंडळीतली सगळी माहिती असते, कोण आजारी, कुणाकडे नातू झाला, कुणाशी कुणाचं बोलणं बंद आहे. पाळकसाहेबांना त्या वेळी दहा जणांनी घेरलेलं असतं, त्यांच्या मागे लागू नका.

आणि विचारताना कसं विचारता त्यावर बरंच आहे. "मला काही सेवा मिळेल का" असं विचारलं की समोरचा माणूस गडबडतो, त्याला वाटतं ह्यांना संदेश द्यायचाय का गाणं म्हणायचंय, तो म्हणतो हो हो बघू, पाळकसाहेबांशी बोला, आणि विषय संपला. त्याच्याऐवजी "मावशी, ही पुस्तकं कपाटात मी लावू का, कुठल्या खणात जातात?" एवढंच विचारा. मावशी आधी म्हणतील राहू द्या हो बाई तुम्ही कशाला, दुसऱ्यांदा विचारा, मग सांगतील की मराठी गीतांची खालच्या खणात, इंग्लिश वरच्या, आणि फाटलेली वेगळी काढून ठेवा ती चिकटवायची आहेत. पुढच्या रविवारी तुम्ही न सांगता फाटलेली वेगळी काढलीत की त्याच विचारतील, कुठं राहता, सासर कुठलं, माहेर कुठलं. माहेर विचारलं की समजा झालं काम, कारण आपल्या लोकांत दोन मिनिटांत कुठलं ना कुठलं नातं निघतंच.

आपल्याला काय येतं हे कसं ओळखायचं

बायबलमधला करिंथकरांस पहिल्या पत्राचा १२ वा अध्याय सगळ्यांना माहीत असतो, शरीर एक, अवयव पुष्कळ, डोळा हाताला म्हणू शकत नाही की तुझी गरज नाही. रोमकरांस १२ मध्ये पण यादी आहे, सेवा, शिक्षण, दान देणं, दया करणं. हल्ली ऑनलाइन प्रश्नावल्या मिळतात, शंभर प्रश्न सोडवा आणि तुमचं कृपादान, म्हणजे देवाने दिलेली देणगी, काय ते कळेल. सोडवा, रविवार दुपारी करमणूक होते. पण माझा त्याच्यावर फार भरवसा नाही, कारण माणूस स्वतःबद्दल जे लिहितो ते त्याला जे व्हावंसं वाटतं ते असतं.

मी तरुण मुलींना तीन गोष्टी बघायला सांगते. पहिली, लोक तुम्हाला आत्ताच कशासाठी फोन करतात? अर्ज भरायला, पाहुण्यांचा स्वयंपाक बसवायला, दवाखान्यात सोबतीला, भांडण मिटवायला? ते फोन उगाच येत नसतात. दुसरी, चर्चमध्ये कुठली गोष्ट वाईट झाली की तुम्हाला टोचते? हे ऐकायला विचित्र वाटेल, पण मागच्या तीन बाकांवर आवाज पोचत नाही हे ज्याला सहन होत नाही तोच उद्या साउंड सांभाळणार असतो, आणि एखादी नवी बाई एकटीच उभी आहे हे जिच्या डोळ्यात खुपतं ती दारावर उभी राहायला हवी. फक्त अट एकच, खुपलं की तक्रार करून मोकळं नाही व्हायचं, तिथं जाऊन उभं राहायचं. तिसरी, कुठलं काम केल्यावर तुम्ही दमता पण चिडचिड होत नाही. नाताळच्या जेवणाला पातेली घासून कंबर मोडते आणि तरी घरी जाताना हसत जातात अशा बायका मी बघितल्यात, आणि अर्धा तास संडे स्कूल घेऊन डोकं धरून बसणाऱ्या पण बघितल्यात. दुसऱ्या प्रकारच्यांनी संडे स्कूल सोडलं तर पाप लागत नाही.

आता "काम लहान आहे" असं ज्यांना वाटतं त्यांनी येशूचा शिष्य अंद्रियाचं (इंग्लिशमध्ये अँड्र्यू) बघा, ज्याच्या नावाने आपलं शरणपूरचं चर्च आहे. योहानाच्या शुभवर्तमानात तो येतो तेव्हा कुणाला तरी घेऊनच येतो. पहिल्या अध्यायात भावाला, म्हणजे पेत्राला, येशूकडे आणतो. सहाव्यात पाच भाकरी दोन मासळ्यावाला मुलगा त्यालाच सापडतो, आणि तो स्वतःच पुढे म्हणतो की एवढ्या लोकांना हे कसं पुरणार. बाराव्यात काही ग्रीक लोक येशूला भेटायचं म्हणतात, फिलिप ते अंद्रियाला सांगतो आणि मग दोघं मिळून येशूला. त्याचा एक पण मोठा उपदेश नाही लिहिलेला. भाऊ मोठा प्रेषित झाला आणि हा माणसं आणून भेटवत राहिला. प्रेषितांच्या कृत्यांत सहाव्या अध्यायात तर पहिल्या मंडळीत भांडणच लागलं होतं, ग्रीक बोलणाऱ्या विधवांना रोजच्या वाटपात डावलतात म्हणून, आणि त्यासाठी सात माणसं नेमली. पंगतीच्या सेवेसाठी! स्तेफन त्यातलाच.

शरणपूरचाच एक इतिहास आहे तो इथं सांगितल्याशिवाय राहवत नाही. एकोणिसाव्या शतकात इथं मिशनच्या वसाहतीत आफ्रिकन मुलं राहायची. गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली, ना गाव ना आईबाप. त्यांना इथं वाचायला-लिहायला शिकवलं, सुतारकाम, लोहारकाम शिकवलं. त्यातला एक जेकब वेनराइट. तो पुढे आफ्रिकेत स्कॉटिश मिशनरी-प्रवासी डेव्हिड लिव्हिंगस्टनच्या शेवटच्या सफरीत सामील झाला, आणि १८७३ ला आजच्या झांबियातल्या चितांबोच्या गावात लिव्हिंगस्टन वारला तेव्हा त्याचं हृदय तिथं झाडाखाली पुरताना दफनविधीची प्रार्थना वाचायला जेकब होता. त्या झाडावर नाव-तारीख कोरली ती त्यानेच. मग सोबत्यांनी तो देह कित्येक महिने चालत किनाऱ्यापर्यंत नेला, आणि १८७४ ला लंडनला वेस्टमिन्स्टर अ‍ॅबीत पुरला तेव्हा खांदेकऱ्यांत जेकब उभा होता. नाशिकच्या शाळेत त्याला अक्षर गिरवायला लावणाऱ्याला हे कुठं माहीत होतं. त्या मुलांपैकी बरेच जण पुढे मोंबासाजवळच्या फ्रियरटाउनला गेले, ती वसाहत १८७५ ची, आणि तिथल्या चर्चचं सुरुवातीचं काम त्यांच्यातल्या काहींनी उभं केलं. म्हणून संडे स्कूलला मुलं नुसती दंगा करतात, काय उपयोग असं कुणी म्हणालं की मी हा विषय काढते.

कामं कुठली असतात

गाणं सगळ्यात आधी, कारण सगळ्यांना तिथंच जायचं असतं. आपल्याकडे दोन प्रवाह आहेत, इंग्लिश चालीवरची मराठी गीतं आणि कवी ना. वा. टिळकांपासूनची अभंग-भजनांची परंपरा, पेटी-तबला-टाळ वगैरे. आता त्यात कीबोर्ड, ड्रम आणि हिंदी कोरस आले. नवीन आलेल्या पोरांचं काय होतं की पहिल्याच प्रॅक्टिसला यूट्यूबवरचं नवीन गाणं घेऊन येतात आणि जुने पेटीवाले काका गप्प होऊन बसतात. तीन-चार महिने नुसते बसा, गीतं पाठ करा, कुठलं गीत कुठल्या प्रसंगाला लागतं ते समजून घ्या, काकांच्या शेजारी बसून सूर धरा. मग काकाच म्हणतील, अरे तुझं ते नवीन काय होतं, वाजव बघू. आवाज बेताचाच असेल तर गीतक्रमांकाचा बोर्ड लावणं, गीतांच्या सुरांच्या पट्ट्या लिहून ठेवणं, प्रोजेक्टरवर शब्द न चुकता टाकणं, हे पण त्याच टीमचं काम आहे आणि जोडाक्षरं नीट टाइप करणारा माणूस मिळत नाही हो.

मयतीचं काम मात्र असं आहे की तिथं कायम माणसं कमी असतात आणि मंडळी म्हणजे काय ते तिथं कळतं. फोन येतो रात्री अकराला. मग शवपेटी सांगायची, खड्डा खणायला माणसं सांगायची, रजिस्टरची नोंद, डॉक्टरांचा दाखला, फुलं, दफनभूमीत सावली नसेल तर चार खुर्च्या आणि पाणी, गावाकडून येणाऱ्यांची गाडी कुठं पोचली ते बघायचं, ग्रुपवर वेळ टाकायची आणि वेळ बदलली की परत टाकायची. घरातल्या बाईजवळ कुणीतरी एक जण काही न बोलता बसायचं. तिच्या घरात चहा-साखर आहे का बघायचं. एकटे राहणारे, नोकरीनिमित्त आलेले जे म्हणतात आम्हाला इथं कुणी ओळखत नाही, त्यांनी एकदा ह्या कामात हात घालावा. ज्या घरात तुम्ही त्या रात्री होतात त्या घरात तुम्हाला कुणी परका म्हणणार नाही. आणि खरं काम तर त्यानंतर एक-दीड महिन्याने असतं, सगळे पाहुणे गेलेले असतात, तेव्हा एक चक्कर मारायची.

आजाऱ्यांच्या भेटी त्याच जातीच्या. सिव्हिलला किंवा खाजगी दवाखान्यात जाताना दहा मिनिटं थांबा, छोटी प्रार्थना करा, शेजारच्या खाटेवरच्या माणसाला त्रास होईल एवढ्या मोठ्याने नको, आणि स्वतःच्या ऑपरेशनची गोष्ट सांगू नका.

संडे स्कूलला धीर लागतो. हिशोबाला स्वच्छ हात लागतात. बँकेत किंवा अकाउंट्सला काम केलेला माणूस ट्रेझररच्या मदतीला मिळाला तर सोन्याहून पिवळं, नाणी मोजण्यापासून सुरुवात करा. नाशिकरोडकडच्या लोकांना फेब्रुवारीत बाळ येशूच्या यात्रेला करण्यासारखं ढीगभर असतं, मुंबई-वसईकडून लोंढेच्या लोंढे येतात, पाणी, रांगा, पार्किंग, हरवलेली पोरं. पेठ-सुरगाण्याकडच्या छोट्या मंडळ्यांत पाळकांबरोबर जायला गाडीवाला माणूस हवाच असतो, आणि तिथून येताना तुमचं चर्चबद्दलचं मत थोडं बदललेलं असतं एवढं नक्की.

पाळकसाहेबांशी कधी बोलायचं

सहा-आठ महिने झाले, चार लोक ओळखायला लागले, की मग. रविवारी नाही, आठवड्यात फोन करून वेळ घ्या, घरी जा. पाळकीणबाई (पाळकांच्या पत्नी) असतील तर त्यांच्याशी पण बोला, बऱ्याचदा गरज कुठं आहे ते त्यांनाच जास्त ठाऊक असतं. "मी काय करू" असं न म्हणता ठोस बोला, म्हणजे "पाळकसाहेब, मी पुस्तकांचं बघतेय, शनिवारी दुपारी दोन तास मोकळी असते, म्हाताऱ्या माणसांच्या घरभेटीला तुमच्याबरोबर कुणी हवंय का?" वेळ सांगितला, काम सांगितलं, त्यांना नुसतं हो किंवा नाही म्हणायचं राहिलं. आणि नाही म्हणाले तर रुसू नका, कधी कधी तिथं आधीच कुणी तरी असतं आणि ते दुखावलं जाऊ नये असं त्यांना वाटतं.

ज्यांना पूर्णवेळ सेवेचं पाचारण आहे असं वाटतं त्यांना पण हाच रस्ता. पुण्याला युनियन बिब्लिकल सेमिनरी आहे, अजून आहेत, पण मंडळीची आणि पाळकांची शिफारस लागते आणि तुम्हाला संडे स्कूलच्या पोरांसमोर कुणी बघितलेलंच नसेल तर शिफारस कशाच्या जोरावर करणार.

कमिटी? माझं मत विचाराल तर पहिली दोन-तीन वर्षं लांब राहा. कमिटी लागते, चांगली माणसं तिथं जायलाच हवीत, पण निवडणूक, गट, जागेच्या केसेस, ह्यात नवा माणूस शिरला की त्याची जागा बनायच्या आधी त्याची बाजू बनते. मग तो पुस्तकं लावत असला तरी लोक म्हणतात हा अमक्याचा माणूस.

सोमवार ते शनिवार

उद्देश म्हटलं की आपण लगेच चर्चच्या कंपाउंडमध्येच बघतो. पण वॉर्डमध्ये रात्रपाळी करणारी सिस्टर, कंपनीत कॉन्ट्रॅक्टवरच्या पोरांचा ओव्हरटाइम खरा लिहिणारा सुपरवायझर, लासलगावला कांद्याच्या वजनात न फसवणारा माणूस, हे काय सेवेच्या बाहेरचे झाले? रात्रपाळीवाल्या सिस्टरला महिला संघाच्या मीटिंगला येत नाही म्हणून टोमणे मारतात तेव्हा मला राग येतो. तिचं तिथलं काम हेच तिचं काम, मंडळीने तिच्यासाठी प्रार्थना करावी आणि जमलं तर तिच्या पोरांना रविवारी घेऊन यावं.

जमतच नाही असं झालं तर

वेळ लागतो हे आधी मान्य करा. लक्ष्मीबाई टिळक आपल्या नाशिकजवळच्या जलालपूरच्या. नवऱ्याने, म्हणजे ना. वा. टिळकांनी, १८९५ ला बाप्तिस्मा घेतला तेव्हा त्यांना ते अजिबात पटलं नव्हतं, त्यांनी स्वतः घेतला तो १९०० मध्ये, पाच वर्षांनी, स्वतःला पटल्यावर. आणि मराठी ख्रिस्ती समाजात त्यांची जागा कुठली ते सगळ्यांना माहीत आहे. म्हणून घरातले एकटेच विश्वासात आलेले असाल, किंवा अजून आत की बाहेर ते ठरत नसेल, तर कुणाच्या घाईने घाई करू नका. घरच्यांशी संबंध तोडा असं सांगणारे भेटले तर त्यांच्यापासून चार हात लांबच बरं.

अविवाहित बायका, विधवा, घटस्फोट झालेले ह्यांना आपल्याकडे कुठं बसवावं हेच मंडळीला कळत नाही, हे खरं आहे आणि लाज वाटण्यासारखं आहे. तरुण संघात वय बसत नाही, महिला संघात सगळ्या नवरा-पोरांवर बोलत असतात. अशा वेळी संघ शोधू नका, काम शोधा, जिथं वय-लग्न विचारत नाहीत. घरोघरच्या प्रार्थनासभा त्याला बऱ्या, दहा-बारा माणसं असतात, आणि तुमच्या घरी एकदा सभा ठेवली की लोक तुमच्या घरी येऊन गेलेले होतात, फरक पडतो. चहा आणि पोहे पुरेत, उगाच दहा पदार्थ करून पुढच्या घराला अडचणीत आणू नका.

दुसरं टोक म्हणजे ओझं. एकदा कळलं की तुम्ही नाही म्हणत नाही, की सगळं तुमच्याकडे येतं, आणि मग उपासनेत पण तुम्ही किल्ल्या आणि चहाचाच विचार करत असता. दोनच कामं ठेवा. तिसरं आलं तर एक द्या सोडून, आणि सोडताना पुढच्याला नीट शिकवून सोडा, खण कुठला, दुकानदार कुठला, कुणाला किती दिवस आधी फोन करावा लागतो हे वहीत लिहून.

आणि काही ठिकाणं सोडण्यासारखीच असतात. दानाचा हिशोब विचारला की "विश्वास कमी आहे" म्हणणारे, औषधं बंद करा प्रार्थनेने बरं होईल म्हणणारे, बायका-पोरांशी चुकीचं वागणाऱ्याला पाठीशी घालणारे. तिथं जागा शोधत बसायचं नाही. औषध तर कुणाच्याही सांगण्याने बंद करायचं नाही, आणि पोराला त्रास झालाय असं कळलं तर चर्चमध्येच मिटवू म्हणणाऱ्यांचं न ऐकता पोलिसांकडे जायचं, १०९८ हा चाइल्डलाइनचा नंबर पण आहे.

बाकी ज्यांना सुरुवात कुठून करू हेच कळत नसेल त्यांच्यासाठी, नोव्हेंबर संपत आला की कॅरल राउंडची, म्हणजे घरोघर जाऊन नाताळची गाणी म्हणण्याची, जुळवाजुळव सुरू होते. गाणाऱ्यांची कमी नसते. कमी असते ती घरांची यादी एरियाप्रमाणे लावणाऱ्याची, म्हणजे सातपूरची घरं एका रात्री, सिडको एका रात्री, नाशिकरोड-देवळाली वेगळी, कुणाकडे बाळ आहे तिथं लवकर, कुणाकडे ह्या वर्षी मयत झालीय तिथं ढोलकी न वाजवता एकच गीत. ही यादी करताना प्रत्येक घराला फोन करावा लागतो. सेक्रेटरींना सांगून ती यादी मागून घ्या, स्वेटर आणि कानटोपी घाला, डिसेंबरात गंगापूर रोडला रात्री बाराला गारठा असतो, आणि खिशात रिकामी पिशवी ठेवा, करंज्या-चिवडा-केक इतका देतात की हातात मावत नाही.